वद्यातला चंद्र

मराठी घरात चंद्रोदयाची वेळ विचारली जाते ती महिन्यातून एकदा, संकष्टीला. एरवी चंद्र उगवतो तेव्हा उगवतो. कॅलेंडरात मोठ्या गावांच्या वेळा छापलेल्या असतात, त्यांत भूमचं नाव मला कधी आढळलं नाही. आम्ही सोलापूरची वेळ धरतो. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात आणि भूम सोलापूरच्या पश्चिमेला जेमतेम पाव अंश. हिशेबानं फरक पडतो मिनिटाचा. प्रत्यक्षात तो बराच जास्त पडतो, कारण पंचांगातला चंद्र सपाट क्षितिजावर उगवतो आणि आमचा उगवतो बालाघाटच्या उंचसखल माळामागून. आधी टेकाडाच्या कडेवर पांढुरकी झाक येते, मग कड तांबूस होते, मग काही वेळ काहीच होत नाही. काहीच होत नाही तेवढा वेळ मला सगळ्यात प्रिय आहे. त्याच्याबद्दलच लिहायचं आहे.

चंद्रावर आपल्याकडे भरभरून लिहिलं गेलं, पण त्यातलं बहुतेक चांदण्यावर. चांदणं तयार मिळतं. अंगणात आलं की ते पसरलेलंच असतं. उगवता चंद्र मात्र थांबल्याशिवाय दिसत नाही, आणि तो सगळ्या तिथींना दिसतही नाही. शुद्ध पक्षातला चंद्र दिवसाउजेडी उगवतो. बीजेची कोर सूर्यापाठोपाठ सकाळीच वर आलेली असते, अष्टमीचा अर्धा चंद्र दुपारी बाराच्या सुमारास येतो, आणि त्यांचं येणं कुणाच्याच लक्षात येत नाही. संध्याकाळी आपण मान वर करतो तेव्हा चंद्र आधीच येऊन बसलेला असतो. चांदरातीला गावातली माणसं गच्चीवर चढून ईदचा चांद शोधतात, तेव्हा तीही मावळती कोर शोधत असतात, पश्चिमेला. काळोखात उगवणारा चंद्र पाहायचा तर पौर्णिमा उलटू द्यावी लागते. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळायच्या आगेमागे येतो. उजेड पुरता गेलेला नसतो, पोरं अजून खेळत असतात, धारा काढायची वेळ असते. वद्य प्रतिपदेपासून काळोख मिळतो आणि त्याच्या पोटात वाट पाहणं सुरू होतं. सरासरीनं रोज पन्नास मिनिटं उशीर. शरदातल्या पौर्णिमेनंतर हा उशीर थोडा आखडतो, कारण त्या दिवसांत चंद्राचा मार्ग संध्याकाळच्या पूर्व क्षितिजाशी कमी कोन करतो. युरोपात तर तो वीस-तीस मिनिटांवर येतो, आपल्या अक्षांशावर चाळीसच्या आसपास. पौर्णिमेचा चंद्र अख्ख्या गावाचा असतो. वद्यातला चंद्र जागं राहणाऱ्यांचा, आणि दोन माणसांनी मिळून जागं राहावं असा दुसरा योग आमच्या काळच्या संसारात फारसा नव्हता.

भाद्रपदाकडे या नजरेनं पाहिलं की मला फार नवल वाटतं. शुद्ध चतुर्थीला चंद्र बघायचा नाही, बघितला तर चोरीचा आळ येतो. गणपतीला हसल्याबद्दल त्याला शाप आहे. त्याच महिन्यात, पंधरवडा उलटला की वद्य चतुर्थीला त्याच गणपतीसाठी उपास धरायचा आणि चंद्र बघितल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. ज्याच्यावरून नजर चुकवली त्याच्यासाठी आता डोळे लावून बसायचं. आकाशात पाहावं तर पहिला चंद्र पश्चिमेला, वाढता, काही न करता समोर येणारा. दुसरा पूर्वेचा, उतरता, उशिरा येणारा. आपल्या पूर्वजांनी उपासासाठी हा दुसरा निवडला, यात मला त्यांची माणसाच्या मनाची जाण दिसते.

हे वाट पाहणं आमच्या मराठवाड्यात फार जुनं आहे. आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराला कोऊहल नावाच्या कवीनं 'लीलावई' हे प्राकृत कथाकाव्य रचलं. नायक पैठणचा सातवाहन राजा, नायिका सिंहलद्वीपाची राजकन्या. कोल्हापूरच्या आ. ने. उपाध्ये यांनी ते साक्षेपानं संपादून आपल्या हाती दिलं. त्यातल्या कथानकात मी फार रमत नाही. यक्ष, विद्याधर आणि शाप यांची तिथे गर्दी आहे. मी पुन्हा पुन्हा जाते ती त्याच्या सुरुवातीकडे. शरदातली चांदणी रात्र आहे, कवी आणि त्याची पत्नी बसलेली आहेत, आणि ती म्हणते, गोष्ट सांगा. ती सगळी राजाराणीची कथा या एका मागणीतून निघते. कवी बजावून सांगतो की ही कथा मी महाराष्ट्र देशीच्या भाषेत रचली आहे. म्हणजे बाराशे वर्षांपूर्वी आपल्या भाषेच्या आजीनं एक प्रेमकथा सांगितली आणि तिच्या उंबऱ्यावर एक साधं नवरा-बायकोचं जोडपं बसवलं, चांदण्यात. प्रेमाच्या गोष्टी ऐकायलाही आधी घरातलं प्रेम लागतं, हे त्या कवीला ठाऊक असणार.

त्याहून जुन्या, हाल सातवाहनाच्या गाथांमध्येही चंद्र आहे, पण तिथले नवरे बऱ्याचदा परमुलखात गेलेले असतात आणि बायका एकट्या चंद्राशी बोलतात. मला ते वाचताना आमच्या जिल्ह्यातलं तेर आठवतं. तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासवर्णनात पैठण आणि तगर ही दोन्ही नावं आहेत. इथलं कापड गाड्यांत भरून वाट नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराकडे जाई असं तो लिहितो. त्या गाड्यांबरोबर गेलेली माणसं महिनोन्महिने परतत नसतील. मागे तगरच्या घरांतून किती जणी वद्यातला चंद्र उगवायची वाट पाहत बसल्या असतील, याची नोंद कुठल्याच व्यापाऱ्यानं केली नाही. गाथांनी केली.

माझी स्वतःची आठवण १९९३ ची आहे.

त्या वर्षीच्या वैशाखात लग्न होऊन मी बार्शीहून भूमला आले. घर दगडमातीचं, वर माळवद. सासू-सासरे, थोरले दीर, जाऊबाई, लग्नाची एक नणंद, जाऊबाईंची मुलं. हे शाळेत गणित शिकवायचे. दिवसाउजेडी नवऱ्याशी उभं राहून बोलण्याची रीत नव्हती, आणि रात्री घर इतकं भरलेलं असे की कुजबुजसुद्धा दुसऱ्या खोलीत पोचायची. उन्हाळ्यात सगळे माळवदावर झोपत. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला, मधे पोरं. मला त्या वेळी माळवद फार आवडलं. पायाला दिवसाची ऊब लागायची, कडेला वाळत घातलेल्या सांडग्यांचा वास यायचा, आणि चारी बाजूंनी क्षितिज मोकळं. बार्शीला आमचं माहेरचं घर गल्लीत होतं; क्षितिज म्हणजे काय हे मला भूमच्या माळवदानं दाखवलं.

भाद्रपद त्या वर्षी अधिक होता, म्हणून गणपती उशिरा आले. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून गाव थकून झोपलं होतं. ३० तारखेच्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. धक्क्याचं केंद्र असलेली किल्लारी आमच्यापासून शंभर किलोमीटरहून थोडी दूर. आमच्याकडे फडताळातली भांडी खणखणली, भिंतीचे पोपडे गळाले, गोठ्यातली जनावरं दावी ओढायला लागली. सगळे होते तसे अंगणात धावले. पश्चिमेला चंद्र मावळतीला कलला होता, पूर्ण व्हायला एक दिवसही उरला नव्हता. त्याच्या उजेडात आम्ही एकमेकांची तोंडं मोजली. दिवस वर आला तसं रेडिओवरून कळत गेलं. सुमारे आठ हजार माणसं गेली. किल्लारी लातूर जिल्ह्यातली, पण सास्तूर आमच्याच, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं.

आणि माणसं मेली ती जमिनीनं नव्हे, माळवदांनी. हे नंतर इंजिनियर लोकांनी सांगितलं, पण खेड्यातल्या कुणालाही ते सांगावं लागलं नसतं. जाड, मातीत बसवलेल्या दगडांच्या भिंती. वर लाकडी तुळया, त्यांच्यावर किलचन, पाला आणि मातीचा थर. दर वर्षी मिरगाच्या आधी गळती थांबावी म्हणून त्यावर आणखी पांढरी माती टाकायची. आजोबांनी टाकलेली, वडिलांनी टाकलेली, मुलानं टाकलेली. छपरावरचं ओझं पिढ्यापिढ्यांनी वाढत गेलं आणि त्या पहाटे सगळं एकदम खाली आलं. ज्या माळवदावर निजून माझ्यासारख्या नव्या सुना चंद्र पाहायला शिकल्या होत्या, त्याच माळवदांखाली त्या तिकडे गाडल्या गेल्या. पुढे वर्षानुवर्षं चंद्र पाहताना ही गोष्ट मनातून गेली नाही आणि जाऊ नये असं मला वाटतं.

त्या दिवसापासून गाव घराबाहेर झोपू लागलं. आमचंच नव्हे, सगळा मराठवाडा. दिवसा घाईघाईनं आत जाऊन कामं उरकायची, अंधार पडायच्या आत बाजा अंगणात. बायका लिंबाखाली, पुरुष गोठ्याच्या बाजूला. दोन्हींत वीस-पंचवीस पावलांचं अंतर. मधल्या काही रात्री पावसानं भिजवलं, तरी कुणी आत जायला तयार नव्हतं. पितृपक्ष लागलेला. रोज नवी बातमी, रोज कुणाचं तरी कुणीतरी. वीज असून नसल्यासारखी. काळोख असा की पलीकडची बाज दिसत नसे.

प्रतिपदेच्या सकाळी मी ओसरी झाडत होते. खुंटीवरच्या कॅलेंडरकडे सहज लक्ष गेलं. १ ऑक्टोबरच्या चौकोनात पेन्सिलीनं बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं: ६.४०. मला वाटलं शाळेचं काही असेल. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारच्या चौकोनात ७.२०. अक्षर ह्यांचं. विचारायची सोय नव्हती. संध्याकाळी जेवणं उरकून मी बाजेवर पडले होते, जाऊबाईंचा धाकटा माझ्या कुशीत. अचानक लिंबाच्या बुंध्याची एक बाजू उजळली, मग अंगणातली बादली दिसू लागली, आणि गोठ्याच्या बाजूला एक माणूस बाजेवर उठून बसलेला दिसला, तोंड आमच्या बाजूला. मला तेव्हा कळलं की ते आकडे शाळेचे नव्हते.

कॅलेंडरात चंद्रोदय छापलेला होता तो संकष्टीचा एकट्याचा. बाकीच्या रात्रींचे गणिताच्या मास्तरांनी हिशेबानं काढले होते, माझ्यासाठी. पाच-सात मिनिटांनी चुकत, पण चुकले तरी माझं काही बिघडत नव्हतं. तेवढा वेळ मी आणखी जागी. मला आयुष्यात पुढे पत्रं आली, ह्यांचीही आली, बदलीच्या गावाहून. पण कुठल्याही पत्रात त्या पेन्सिलीच्या आकड्यांइतकं सांगितलेलं नव्हतं. आज रात्री एवढ्या वाजेपर्यंत जागी राहा. मी असेन.

अशा काळात आम्ही सुखात होतो हे लिहिताना हात अडखळतो. पण ते खरं आहे, आणि मला वाटतं त्या दिवसांत असं अनेकांचं झालं असेल. भीतीनं माणसं एकमेकांच्या जवळ येतात हे सगळेच सांगतात. मला त्यापेक्षा वेगळं काही दिसलं. घर नावाची गोष्ट आमच्या डोक्यावरून गेली होती, आणि घराबरोबर त्याचे पडदेही गेले होते. रात्र नुसती आकाशाखालची झाली. रीत, मान, कोण कुठे झोपणार, हे सगळं शिल्लक होतं, तरी आकाश कुणाच्या मालकीचं नव्हतं, आणि त्याच्याकडे पाहायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

चतुर्थी आली. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, उपास सोडला नाही. घरात कुणीतरी म्हणालं, एवढी माणसं गेली, आता कसली संकष्टी. त्या म्हणाल्या, "गेल्याल्यांसाठीच म्हना." त्यांनी तीन दगडांच्या चुलीवर भात टाकला, ताम्हनात दुर्वा आणि फूल ठेवलं, गडू भरून घेतला आणि लिंबाखाली बसल्या. वेळ झाली तरी चंद्र दिसेना. पौर्णिमेला तो बरोबर पूर्वेला, रस्त्याच्या तोंडाशी उगवला होता. चार रात्रींत तो सरकत सरकत ईशान्येला गेला होता, आणि त्या बाजूला शेजाऱ्यांची उंच भिंत. आत्याबाई म्हणाल्या, कुणीतरी वर जाऊन बघा. कुणीच हललं नाही. त्या पहाटेपासून माळवदावर पाय कुणी ठेवला नव्हता. हे उठले, बाहेरच्या शिडीनं वर गेले. थोड्या वेळानं आत्याबाई मला म्हणाल्या, "तू जा गं. त्येला चष्म्याबिगर दिसत न्हाय नीट."

चष्मा ह्यांच्या डोळ्यांवर होता.

मी शिडी चढले. माळवद पावसानं मऊ झालं होतं, कडेला बारीक गवत उगवलं होतं. हे मधे उभे राहिले नव्हते, भिंतीच्या डोक्यावर, जिथे भार पेलतो तिथे उभे होते, आणि मलाही हातानं तिथेच यायची खूण केली. टेकाडाची कड तांबूस झाली होती. मग बराच वेळ काही झालं नाही. मग एका बिंदूला धार आली. चतुर्थीचा चंद्र, एका अंगानं झिजलेला, पिकल्या पपईच्या रंगाचा. वर येताना त्याचा आकार नीट ठरत नव्हता, कड हलत होती. आम्ही दोघं लग्नानंतर पहिल्यांदा आकाशाखाली शेजारी शेजारी उभे होतो.

ह्यांनी मला काय सांगितलं असेल? सपाट क्षितिजावर चंद्राची खालची कड टेकलेली दिसते तेव्हा खरा चंद्र अजून पूर्ण क्षितिजाखालीच असतो. हवेतून येताना किरण वाकतात आणि त्याला अर्ध्या अंशानं उचलून दाखवतात, चंद्राची रुंदीही जवळजवळ तेवढीच. म्हणजे जो आला असं आपण म्हणतो तो अजून वाटेवर असतो. मग म्हणाले, हात लांब कर, करंगळीचं नख चंद्रावर धर. मी हात लांब केला, हिरव्या बांगड्या वाजल्या, आणि आम्ही दोघंही खाली ऐकू गेलं असेल म्हणून थबकलो. नखामागे चंद्र झाकला गेला. "डोक्यावर आल्यावर पुन्हा बघ," ते म्हणाले, "तेवढाच असतो. क्षितिजावर मोठा वाटतो तो डोळ्यांचा भास." हा भास हजारो वर्षं माणसाला कोड्यात टाकतो आहे. टॉलेमीनं त्यावर विचार केला, अकराव्या शतकात इब्न अल हैथमनं तो दृष्टीचा आणि मनाचा खेळ असल्याचं मांडलं, आणि आजही त्याच्या कारणांवर पुरतं एकमत नाही. क्षितिजावरचा चंद्र खरं तर किंचित लहानच असतो, कारण तेव्हा तो आपल्यापासून पृथ्वीच्या जवळजवळ एका त्रिज्येइतका जास्त लांब असतो. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या रात्री एवढंच कळलं की हा माणूस मला चंद्राबद्दल खोटं काही सांगणार नाही, आणि ते मला कुठल्याही गोड बोलण्याहून मोलाचं वाटलं.

खालून हाक आली, "दिसला का रं?"

चंद्र तेव्हा टेकाडावर पुरता आला होता. हे म्हणाले, "न्हाय अजून. ढगात हाय."

"आसू दे," आत्याबाई म्हणाल्या. "येईल त्याचा त्यो."

आम्ही आणखी थोडा वेळ थांबलो. खाली उतरलो तेव्हा लिंबाचा शेंडा चांदण्यानं पांढरा झाला होता, आणि आत्याबाई त्याच्याकडे तोंड करून बसल्या होत्या. कितीतरी वेळापासून त्यांना ते दिसत असणार. दिवसभराची उपाशी बाई. त्यांनी काही विचारलं नाही. ताम्हनात अर्घ्य सोडलं, हात जोडले आणि मला म्हणाल्या, पानं घे. माझ्या सासूबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. माणसाला माणसाशी बोलायला थोडी जागा द्यावी लागते, आणि ती आपल्या भुकेतून काढून द्यायची असली तरी द्यावी, हे त्यांना कुणी शिकवलं होतं ते मला माहीत नाही.

त्या रात्री चंद्र कृत्तिकांच्या आसपास होता, पुढे रोहिणी. दक्षाच्या सत्तावीस मुलींमध्ये चंद्राचा जीव रोहिणीवर, बाकीच्यांनी बापाकडे गाऱ्हाणं नेलं आणि दक्षानं त्याला क्षयाचा शाप दिला, ही कथा सगळ्यांना माहीत आहे. आर्यभटानं इसवी सन ४९९ मध्येच लिहून ठेवलं की चंद्राला स्वतःचा उजेड नाही, तो सूर्याच्या प्रकाशानं उजळतो. कला का होतात याला शाप लागत नाही. मी दोन्ही गोष्टी जवळ बाळगते. मुलांना आर्यभट सांगते. पण वद्यातला चंद्र झिजलेल्या कडेनं वर येताना दिसला की, हा एका जागी जीव जडल्याची किंमत मोजणारा आहे, असंच माझ्या मनात येतं, आणि तो उशिरा का येतो ते मग वेगळं समजावून घ्यावं लागत नाही.

त्या वर्षीची कोजागरी आली तरी पुष्कळ घरं अजून बाहेरच झोपत होती. तुळजापूरला दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर भवानी पलंगावर श्रमनिद्रा घेते आणि अश्विनी पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते. त्या पौर्णिमेला सोलापुराकडून आणि कर्नाटकातून माणसं रात्ररात्र चालत तुळजापूर गाठतात. इकडे येरमाळ्याला येडेश्वरीची मोठी यात्रा चैत्र पौर्णिमेला. आमच्या जिल्ह्याचं भक्तीचं वेळापत्रक असं पूर्ण चंद्रावर चालतं, आणि त्याचं कारण मला साधं वाटतं: दिवे नसलेल्या काळात पायी चालणाऱ्याला रातभर उजेड पुरला पाहिजे. देवाला पूर्ण चंद्र, माणसाला उरलेला, अशी ती वाटणी असावी.

आता भूममध्ये माळवद शोधावं लागतं. भूकंपानंतर ज्यांना जमलं त्यांनी पाडलं, आमचंही गेलं. स्लॅब आला, आणि मी त्याच्यावर समाधानी आहे. आठ हजार माणसांनंतर माळवदासाठी हळहळणं मला जमत नाही. बालाघाटच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांचे तांबडे दिवे रात्रभर लुकलुकतात, आणि काही महिन्यांत चंद्र नेमका एखाद्या पात्यामागून वर येतो. २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडे पावसानं कहर केला. पिकं, माती, गोठ्यांतली बांधलेली जनावरं वाहून गेली. हा मुलूख दुधावर आणि खव्यावर जगणारा. कुंथलगिरीचा पेढा लांबवर जातो, पण त्याच्यामागे दारोदारची दोन-तीन जनावरं असतात. त्यानंतर पंधरवड्यात, ६ ऑक्टोबरला कोजागरी होती. आमच्या गल्लीत त्या रात्री मसाला दूध कुणी केलं नाही. आम्ही दोघं स्लॅबवर बसलो, आणि मला १९९३ सालचं अंगण आठवलं, कारण तीच शांतता होती, ज्यात माणसं एकमेकांना झोप आली का असं विचारत नाहीत.

ह्यांनी निवृत्तीनंतर मला एक हिशेब समजावून दिला. एकोणीस सौर वर्षं आणि २३५ चांद्रमास जवळजवळ तंतोतंत सारखे भरतात. ग्रीकांकडे हे चक्र मेटनच्या नावावर आहे; आपल्याकडे एकोणीस वर्षांत सात अधिकमास पडतात त्यामागे हेच गणित. त्यामुळे एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा एकत्र येतात. १९९३ ला अधिक भाद्रपद होता, २०१२ लाही होता. २०१२ लाही अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला आली आणि पौर्णिमा तीसला. आत्याबाई तोवर गेल्या होत्या. त्या ऑक्टोबरात कॅलेंडरवर पुन्हा पेन्सिलीचे आकडे उमटले, या खेपेला अचूक, कारण आता ते पुस्तकातून घेतले होते. मी ह्यांना म्हटलं, आधीचे पाच-सात मिनिटं चुकणारेच बरे होते. त्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी मुद्दाम दहा मिनिटं आधीची वेळ लिहिली.

पुढचा फेरा २०३१ चा. पुन्हा अधिक भाद्रपद, पुन्हा सप्टेंबरअखेरची पौर्णिमा, पुन्हा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वद्य चतुर्थी. ह्यांचे गुडघे आता लोखंडी शिडीला तयार नाहीत, माझेही फार दिवस राहणार नाहीत. म्हणून या उन्हाळ्यात स्लॅबवर जाणारा पक्का जिना बांधायला काढला आहे. गवंड्यानं जागा पाहिली आणि जिना पूर्वेच्या अंगाला घ्यावा म्हणाला, तिकडे खर्च कमी येतो. मी नाही म्हटलं. जिना दक्षिणेला, पायऱ्या बुटक्या, दोन्ही बाजूंना धरायला कठडा, आणि ईशान्येचा कोपरा मोकळा: तिथे टाकी नको, डिशची छत्री नको, कपडे वाळत घालायची तारही नको. गवंडी म्हणाला, "मास्तरीणबाई, त्या कोपऱ्यात करायचं काय हाय मंग?" ह्यांनी त्याला दोन खुर्च्यांचं माप दिलं.